गजूमहाराजांचा मुरब्बा

दिवाळी अंकात आहारतज्ज्ञ बाईने लिहावं, ही संपादकांची कल्पना मला जरा धाडसाचीच वाटली. मागच्या पानावर मिठाईवाल्याची जाहिरात, पुढच्या पानावर नमकीनवाल्याची, आणि मधे मी. पण काळजी करू नका, मी तुमच्या हातातली करंजी काढून घेणार नाही. इंदूरमध्ये राहून मी उभा जन्म हे काम केलं आणि तरीही लोक मला लग्नाकार्याला आग्रहाने बोलावतात. माझ्या स्वभावाचं याहून चांगलं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही.

माझी नोकरी एका खासगी दवाखान्यातल्या हृदयरोग विभागात. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेला पेशंट घरी जायच्या आधी माझ्या खोलीत यायचा. डॉक्टरांनी जीव वाचवलेला असायचा, सिस्टरनी गोळ्या समजावलेल्या असायच्या, आणि मग ही बाई. आता घरी जाऊन काही मजा उरलेली नाही, हे सांगणारी. पेशंटचे नातेवाईक दाराबाहेर दबक्या आवाजात एकमेकांना सांगायचे, "अंदर वो डाइट वाली मॅडम बैठी है." पोलीस चौकीबद्दल बोलावं तसा तो आवाज असे.

आत आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, पोहे तो चलेंगे ना?" भूल उतरल्या उतरल्या बायकोच्या आधी पोह्यांची चौकशी केलेले पेशंट मी पाहिले आहेत. पोह्यांना मी कधीही गुन्हेगार ठरवलं नाही. आपले इंदुरी पोहे वाफेवरचे, तेल बेताचं. खा म्हणायची. पण त्यांच्यावर मूठभर शेव पडते आणि बाजूला जिलेबी येऊन बसते, त्या दोघींची चौकशी मात्र मी सोडत नसे.

बाहेरच्यांसाठी माझ्या धंद्याची गोष्ट थोडक्यात सांगते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचा थर साचतो, तो जास्त झाला की रस्ता अरुंद होतो आणि एखाद्या दिवशी बंद. म्हणून आम्ही तूप, लोणी, डालडा, तळणाचं पुन्हापुन्हा तापवलेलं तेल कमी करायला सांगतो. ही चरबी वाईट कोलेस्ट्रॉल वाढवते, हे आता पानवाल्यालाही माहीत आहे. शेंगदाणे, तीळ, बदाम, अक्रोड यांतली चरबी बऱ्या स्वभावाची, ती बेताने चालते. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. मी साखरेचं नाव काढलं की मात्र खोलीतलं वातावरण बदलतं. "मला डायबिटीज नाही मॅडम," असं छाती काढून सांगतात, म्हणजे गोडाचा परवानाच मिळालेला.

आपलं यकृत काटकसरी गृहिणीसारखं आहे. आलेलं काही वाया जाऊ देत नाही. साखर गरजेपेक्षा जास्त आली की तिची चरबी करून ठेवतं, आणि त्यातली बरीचशी रक्तात फिरायला सोडतं. तिला ट्रायग्लिसराइड म्हणतात. म्हणजे तुपाचा थेंबही न खाता माणसाच्या रक्तात चरबी वाढू शकते. हे वाक्य मी हजारो लोकांना सांगितलं असेल. निम्म्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. गजूमहाराजांच्या घरात तर या वाक्याने नुसता गोंधळ उडवला.

गजूमहाराज म्हणजे गजाननराव, मराठी माणूस, पण इंदुरात स्वैपाक्याला महाराजच म्हणतात. त्यांचे आजोबा महाराष्ट्रातून स्वैपाकी म्हणून इकडे आले आणि माळव्याच्या दाल-बाफल्यांत असे रमले की पुढच्या दोन पिढ्यांनी दुसरं काही केलं नाही. ज्यांना बाफला माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जाड्या कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायचे, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. बुडवायचे म्हणजे अक्षरशः बुडवायचे. वर डाळ. त्याच बाफल्यांचा चुरा करून तूप-साखर घालून लाडू. आणि या सगळ्याच्या वर मनुहार. आपल्याकडे पंगतीत आग्रह करतात, पण माळव्याची मनुहार आणखी एक पायरी वरची. यजमान लाडू हातात घेऊन पानासमोर उभा राहतो आणि तुमच्या तोंडात घालतो. तुम्ही तोंड फिरवलंत तर तो त्याचा अपमान. अशा शहरात मी पथ्य सांगायचे.

महाराजांना झटका आला तो एका लग्नाच्या भट्टीपाशीच. वेळेवर आणलं, स्टेंट बसला, माणूस वाचला. माझ्या खोलीत आले तेव्हा चेहरा उतरलेला, पण अंगात स्वैपाक्याची ऐट शाबूत. बरोबर बायको मंगलाकाकू आणि मुलगा शैलेश. शैलेश विजयनगरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याने मोबाइल काढून माझा शब्द न् शब्द टिपून घेतला. महाराज म्हणाले, "मॅडमजी, एकच सांगा. मी भट्टीवर कधी जाऊ शकतो? वैशाखात नातीची, मोठ्या लेकीच्या पोरीची, शादी आहे, गौतमपुऱ्याला. बाफले मीच करणार, मैंने जुबान दी है तिला."

"आधी तब्येत, मग भट्टी," मी म्हटलं. "पुढचे रिपोर्ट चांगले आले तर डॉक्टर नक्की सोडतील."

"बस, मग झालं समजा. घी आजपासून बंद," महाराज म्हणाले. तो माणूस शब्दाचा पक्का आहे, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं आणि डॉक्टरसाहेबांनी तिघांनाही परत माझ्याकडे पाठवलं. वाईट कोलेस्ट्रॉल गोळ्यांनी छान उतरलेलं. ट्रायग्लिसराइड मात्र पहिल्यापेक्षा चढलेलं, आणि पोटाचा घेरही वाढलेला. दारूचा प्रश्न नव्हता, थायरॉइड ठीक होतं, डायबिटीज नव्हता. मग राहिलं खाणं.

दारातून आत येतानाच शैलेशचा पारा चढलेला होता. "मॅडम, तुम्हीच विचारा यांना. माझ्याशी तर झूठ बोलतात. कोणाच्या तरी भट्टीवर जाऊन बसतात आणि चखून चखून खातात. डेफिनेटली."

"कसम से सांगतो मॅडमजी, घी ला हात नाही लावला," महाराज म्हणाले. "तीन जागी गेलो, खोटं नाही सांगत. पण नुसता खुर्ची टाकून बसलो. पोरं काम करतात, मी बघतो."

"आणि चखलं नाही? एवढा स्वैपाक आणि चव कोण बघतं मग?"

महाराज त्याच्याकडे बघतच राहिले. रागापेक्षा त्यांना वाईट वाटलं होतं. "शैल्या, तुझ्या बापाने पूर्ण जिंदगीत नैवेद्याच्या आधी चखलं नाही कधी. वासावरून समजतं रे. तुझ्या आजोबांचा नियम होता. तुला एवढं पण नाही माहीत?"

मला माहीत होतं. जुन्या मराठी स्वैपाक्यांत हा नियम अजून पाळतात, देवाच्या आधी जिभेला काही नाही. पण शैलेशला खरंच माहीत नव्हतं. तो कधी भट्टीकडे फिरकलाच नव्हता. "ते सगळं ठीक आहे," तो म्हणाला, "पण रिपोर्ट तर खोटं नाही ना बोलत? मी सांगून देतो मॅडम, वैशाखात हे गौतमपुऱ्याला येतील ते पाहुणे म्हणून. भट्टीजवळ मी जाऊ नाही देणार. आणि त्यानंतर पण नाही. बस झालं हे काम."

मंगलाकाकू पदर तोंडाला लावून बसल्या. महाराजांनी मान खाली घातली. उभी हयात ज्याने दुसऱ्यांच्या पंगती सांभाळल्या, त्याला नातीच्या लग्नात मांडवात बसवून ठेवायचं. त्यापेक्षा दुसरा झटका परवडला, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

मी रीतसर विचारायला सुरुवात केली. सकाळी काय खाता? दलिया. दुपारी? दोन पोळ्या, कोरड्या, भाजी, डाळ. रात्री? तेच. तळण? नाही. शेव? "शेव सोडली मॅडमजी. इंदूरमध्ये राहून," महाराज म्हणाले, आणि त्यात इतकं दुःख होतं की मला हसू आवरेना. जेवण असं की मी वर्गात उदाहरण म्हणून सांगावं. मी खरंच बुचकळ्यात पडले होते.

तेवढ्यात शैलेशचा मोबाइल वाजला. फोन नव्हता, त्याने लावलेला गजर होता. रागावून बोलता बोलता तो थांबला, बॅग उघडली, आतून स्टीलची छोटी डबी आणि चमचा काढला. डबी उघडून वडिलांच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसला. "बाबा, आ करा."

महाराजांनी निमूट आ केला. चमच्यावर चांदीचा वर्ख लावलेला, पाकाने थबथबलेला आवळ्याचा मुरब्बा होता. ज्या माणसाला तो आत्ता खोटारडा म्हणत होता, त्याच्याच हनुवटीखाली त्याने रुमाल धरला, पाक सांडू नये म्हणून. आवळा संपल्यावर डबीतला उरलेला पाकही भरवला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मुरब्बा, मॅडम. दिल के लिए. आमच्या ऑफिसमध्ये एकाच्या वडिलांना याच्याने खूप फरक पडला. सकाळ-संध्याकाळ मी स्वतः देतो. कुणावर सोडत नाही."

"आणि आणखी काय काय देता?"

आता सगळे उत्साहाने सांगू लागले. पहाटे काकू कोमट पाण्यात मध द्यायच्या, चांगला मोठा चमचा. सूनबाई दुपारी डब्यातला ज्यूस. शेजारच्या वहिनी पेठा पाठवायच्या, कारण त्यात तेल ना तूप. जेवणानंतर गुलकंद, गोळ्यांची उष्णता होऊ नये म्हणून. तूप सुटलेल्या माणसाची कीव येऊन सगळा मोहल्ला त्याला गोड भरवत होता, आणि यातलं एकही कुणाच्या लेखी खाणं नव्हतं. ते औषध होतं, नाहीतर प्रेम होतं. मी जेवण विचारलं होतं, म्हणून त्यांनी जेवण सांगितलं. त्या दिवसापासून मी माझा प्रश्न बदलला. "काय खाता?" असं विचारणं सोडलं. "सकाळपासून कोण कोण काय काय भरवतं?" असं विचारू लागले, आणि इंदुरात तोच प्रश्न कामाचा आहे.

मग मी शैलेशला तो काटकसरी यकृताचा पाठ समजावला. आवळा चांगलाच आहे, पण मुरब्ब्यात आवळा नावाला आणि साखर कामाला. ही सगळी साखर आत जाऊन चरबी होते आहे. बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांनी तूप खरंच सोडलंय.

पोरगा हुशार होता, त्याला लगेच समजलं. त्याच्या हातातला चमचा तसाच राहिला. "मतलब मी..." एवढंच म्हणाला. मग रिपोर्टची झेरॉक्स काढून आणतो असं सांगून बाहेर गेला. झेरॉक्सची काही गरज नव्हती. मी काकूंनाही त्याच्यामागे पाठवलं.

"चला महाराज, सुटलात," मी म्हटलं. "मुरब्बा, मध, ज्यूस, पेठा, गुलकंद, सगळं आजपासून बंद."

महाराज म्हणाले, "बाकी सगळं बंद. मुरब्बा नाही सोडणार मी."

मला रागच आला. "आवडतो इतका?"

"आवडतो?" ते म्हणाले. "मला तर पसंदच नाही, ताई. दातांत सणकन लागतो." मॅडमजीची मी एकदम ताई झाले होते. "तुम्हाला काय सांगू. शैल्या इंजिनिअर झाला तेव्हा मी त्याला म्हटलं, सुट्टीच्या दिवशी तरी भट्टीवर येत जा. तो म्हणाला, लोकांच्या पंगतीत बाल्टी घेऊन फिरायला मी नाही येणार. मी पण मग खूप वाईट बोललो. तेव्हापासून एका घरात राहतो आम्ही, पण बोलायचं ते मंगलाला सांगायचं, ती त्याला सांगणार. किती साल गेले. आणि अटॅक आल्यावर रोज सकाळी हा येतो, खुर्ची ओढतो, आ करा म्हणतो. गिळेपर्यंत उठत नाही. ऑफिसला देर झाली तरी नाही उठत. तुम्ही म्हणता बंद करा. बंद केलं तर तो कशाला येईल?"

मी माझ्या टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसले. पेशंटसमोर डोळ्यांत पाणी आणायचं नाही, हे मी नवीन मुलींना बजावायची. त्या दिवशी मला ते अजिबात जमलं नाही.

अँजिओग्राफीत दिसत नाहीत असे अडथळे असतात, हे मला माहीत होतं. पण त्यावर आहारतज्ज्ञाने काय लिहून द्यावं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या पूर्ण नोकरीत मला सगळ्यात पटकन सुचलेला उपाय तोच. शैलेश आत आल्यावर मी आवाज शक्य तितका करडा केला. "हे बघा, मुरब्बा बंद. पण वेळ मोडायची नाही. सकाळ-संध्याकाळ, त्याच डबीतून, भिजवलेले बदाम आणि एखादा अक्रोड. कधी ताज्या आवळ्याच्या फोडी, साखर नाही, मीठ नाही. आणि तुमच्याच हाताने. समोर बसून. नीट चावून होईपर्यंत उठायचं नाही."

"माझ्याच हाताने कशाला?" त्याने विचारलं.

"कारण बाकी कुणी भरवलं तर ते वर मध घालतील. मला फक्त तुमचा भरवसा आहे."

त्याने मोबाइलमध्ये टिपून घेतलं. महाराज खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांच्या मिशा हलल्या.

पुढच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड चांगलंच खाली आलं होतं, पोटही. डॉक्टरसाहेबांनी वजन उचलायचं नाही, धुरात उभं राहायचं नाही, अशा अटींवर परवानगी दिली. मला या कामाचा अभिमान आहे, तो मी लपवणार नाही. शस्त्रक्रियेत जीव वाचतो तो एका दिवशी. ताटात वाचतो तो रोज, आणि त्याचे पेढे कुणी वाटत नाही.

वैशाखात महाराजांचा फोन आला, गौतमपुऱ्याला यायलाच हवं. गेले. मांडवामागे गोवऱ्यांचे निखारे फुललेले, आणि धुरापासून लांब, लिंबाखाली, खुर्चीवर महाराज. हातातल्या काठीने नुसती खूण करत होते आणि चार माणसं धावत होती. बाजूला एका पातेलीत त्यांचे स्वतःचे बाफले काढून ठेवलेले, कोरडे. "बाफल्याचं काम घी पिणं नाही ताई, दाल पिणं आहे," ते मला म्हणाले. "साठी उलटल्यावर समजलं."

पंगत बसली. डाळीची बाल्टी घेऊन कोण येतंय म्हणून मी मान वर केली, तर शैलेश. कुडत्याच्या बाह्या वर सारलेल्या, घामाघूम, "दाल, दाल" असं ओरडत. हे कसं घडलं, ते त्याला मी नंतर विचारलंही नाही. माझ्याशी नजरानजर झाली तसा तो जरा लाजला आणि माझ्या बाफल्यावर नको इतकी डाळ ओतली.

मग महाराज लाडू घेऊन आले. माझ्या पानासमोर उभे राहिले. "ताई, आता तुमची पाळी. आ करा."

"अर्धा," मी म्हटलं. मनुहार मोडायची नाही आणि हिशेबही सोडायचा नाही, ही माझी जुनी युक्ती. त्यांनी लाडू मोडला, अर्धा माझ्या तोंडात घातला. उरलेला अर्धा त्यांच्या हातात राहिला, तूप बोटांवरून ओघळत. समोरच्या रांगेत मंगलाकाकूंचा घास हातातच थांबला. मीही पाहत होते, नोकरीची सवय. महाराजांनी त्या तुकड्याकडे एकदा पाहिलं. मग मागे वळले.

"शैल्या. आ कर."

शैलेशच्या एका हातात बाल्टी, दुसऱ्यात डाव. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि भर पंगतीत, सगळ्या सासरमाहेरच्या माणसांसमोर, तोंड उघडलं. महाराजांनी लाडू भरवला. त्याने तो खाल्ला, डोळे मिटून. मग बाल्टी खाली ठेवली, हात कुडत्यालाच पुसला, खिशातून ती स्टीलची डबी काढली. संध्याकाळची वेळ झाली होती का, मला माहीत नाही. गजर तर वाजला नव्हता.

"आता तुम्ही, बाबा."